डावा पाय थोडा बाहेर

भुसावळला गोल्फ? लोक हसतात.
मीही हसायचो, सत्त्याऐंशी साली,
शेडमागच्या माळावर फोरमन डिसूझा
टोपी घालून ढेकळांत काठी हाणायचे तेव्हा.
मग एका रविवारी त्यांनी काठी माझ्या हातात दिली
आणि हसणं भिरूडकडे गेलं.

आता सहाच होल उरलेत.
हिरवळ म्हणायची ती इथे तपकिरी,
वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून लाटलेली.
चेंडू उचलला की बोटं काळी.

गुडघ्याचं म्हणाल तर
एकतीस वर्षं मी इंजिनात उभा होतो
आणि तो माझ्याखाली.
त्याची रजा कुठल्याच खात्यावर नोंदलेली नाही.

जळगावची डॉक्टर वारके, पोरगीच,
एक्स-रे खिडकीला धरून म्हणाली, गादी झिजलीय काका.
मला वाटलं, आता म्हणेल, खेळ सोडा.
तिनं कोपऱ्यातली छत्री दिली हातात.
मारून दाखवा.
मारली. पंखा थोडक्यात वाचला.

डावा पाय थोडा बाहेर, ती म्हणाली,
पंजा अकराच्या काट्यावर.
मागची टाच सुटू द्या, जमिनीला खिळवू नका.
आणि पुरतं वळू नका. पाऊण पुरे.

पाऊण!
पाऊण गाडी स्टेशनात घेऊन
कुठला ड्रायव्हर घरी गेलाय?

तरी ऐकलं. मे महिना, पहाटे साडेपाच.
सातनंतर इथे रूळसुद्धा अंग सैल सोडतात.
कट्टा धरून दहा अर्ध्या उठबशा.
खिळ्यांचे बूट भंगारात, पायात रबरी तळवे.
पिशवी खांद्यावर नाही,
नातीच्या जुन्या बाबागाडीत बसून येते.
टी उंच लावतो, कारण उन्हाळी काळी माती
काठीला माफ करत नाही, धक्का थेट वाटीत.
आणि पटरच्या शेपटीला नळवाल्याकडची रबरी वाटी,
भोकातला चेंडू न वाकता वर येतो.
भिरूड, निवृत्त गार्ड, बघतो आणि म्हणतो,
काय भो, एक्स्प्रेसची पॅसेंजर केली?

चौथ्या होलला चेंडू कुंपणापलीकडे,
केळीच्या बागेत.
ठिबकनं चिखल केलेला. मी तारेशीच थांबलो.
आत घड वाहणं चालू होतं.
खांद्यावर घड घेतलेला एक पोरगा बांधाशी आला,
वळायचं होतं त्याला.
तो वळला नाही.
पाय उचलला, नव्या दिशेला ठेवला,
मग दुसरा,
मग अंग आपोआप मागून आलं.

कोणी शिकवलं रे हे?
काय?
असं वळायचं.
तो घड उतरवत म्हणाला, अंगानं वळलो त
गुडघा म्हनतो मी चाललो.
दोनदा पडलो ना, मंग कयलं.

सुपडू नाव त्याचं. सव्वीस वर्षांचा.
मी वारकेबाईंचे पाचशे रुपये आठवून गप्प राहिलो,
मग काहीतरी द्यावं म्हणून
त्याला दहा अर्ध्या उठबशा सांगितल्या.
तो हसला.
दिवसभर तेच त करतो, बाबा.

चेंडू त्यानं शर्टाला पुसून दिला.
केळीचा चीक.
खानदेशात कुणालाही विचारा, तो डाग
धोब्याच्या बापाला जात नाही.

पाचव्यावर उभा राहिलो.
पंजा अकरावर. पाऊण.
पूर्वी एकशे ऐंशी यार्ड जायचा,
आज शंभर, फार तर एकशे दहा.
भिरूडनं मागून दोन बोटं तोंडात घालून
शिट्टी दिली, गार्डाची, निघायची.
गुडघा काही बोलला नाही.

सहावा आज सोडला.
घरी पायरीवर आधी पाय ठेवला,
मग स्वतःला बोलावलं.
बर्फाचं फडकं बांधून बसलोय,
टेबलावर तो डागाळलेला चेंडू.
बायको विचारते, हा फेकू का?
नको.